उजव्या गालावरचा तीळ

ओस्तिया, मार्च महिना
समुद्र उघडून चौथा दिवस

सौ. हेल्पिस हिस थाल्लुसदादाचे अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील तर उत्तम, मी खुशाल आहे.

हिवाळाभर पत्र नाही म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडली असशील. पण बोटी बंद, आणि रस्त्याने तुमच्या पुतेओलीला जाणारा भरवशाचा माणूस मिळेना. आज एक बोट सुटते आहे आणि तिचा तांडेल ओळखीचा निघाला. तो जेवायला बसलाय तेवढ्यात लिहितो. त्याची भूक बघता पत्र लांबलं तरी चालेल असं दिसतंय.

मालकांचं सांगायचं आहे. आपल्याला गुलामीतून मोकळं करून अकरा वर्षं झाली, तरी त्रेबियुस म्हटलं की माझ्या तोंडून मालकच येतं. त्यांची दृष्टी आता पुरती गेली. जेवताना ताटातली अंजिरं चाचपडतात आणि आपणच हसतात. प्रकृती उतरत चालली आहे. परवा मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, की थाल्लुस, आता काल्वेंतियाचं तोंड कोर.

काल्वेंतियाबाई गेल्या तेव्हा मालकांनी घाईने तयार शवपेटी आणली होती, ती तुला आठवत असेल. पुढच्या बाजूला नवरा-बायको हातात हात घेऊन उभे, कपड्यांची चुणी न् चुणी कोरलेली, आणि दोन तोंडांच्या जागी दगडाचे नुसते ओबडधोबड गोळे. सगळ्याच कारखान्यांतून पेट्या अशाच निघतात, गिऱ्हाइकाचं तोंड मागाहून कोरायचं. ते मागाहून अकरा वर्षं झालंच नाही. मी दर वसंतात हत्यारं परजायचो आणि मालक म्हणायचे, की पुढच्या वर्षी बघू. डोळे होते तोवर त्यांना बाईंचं तोंड दगडात बघवलं नसतं. आता डोळे गेले, तर म्हणतात, की एकदा तिच्या गालावरून हात फिरवू दे, मग मी जायला मोकळा.

अडचण अशी, की बाईंचं तोंड मला आठवत नाही. मी कायम दगडांच्या आवारात, बाई घरात. चार-सहा वेळा पाहिलं असेल, तेही डोक्यावरून पदर ओढलेला. दिवाणखान्यातलं त्यांचं चित्र तिबेर नदीच्या पुरात गेलं. मालकांना विचारावं, तर नाक कसं होतं याला उत्तर मिळतं, की ती भारी हट्टी होती. हनुवटी विचारली, तर रडायला लागले. शेवटी म्हणाले, की हेल्पिसला विचार, नऊ वर्षं रोज सकाळी तिने हिचे केस बांधले आहेत.

तेव्हा तूच सांग, अगदी बारीकसारीक. माझी हत्यारं तुझ्या पत्राची वाट बघत आहेत. नुमिसियुस मेहुण्यांना नमस्कार, भाचीला गोड पापा. या आळशी भावावर माया असू दे.

तुझा
थाल्लुस


पुतेओली, मार्च अखेर

दादास हेल्पिसचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझा तांडेल इथेही जेवून गेला. आमच्या यांनी भट्टीतून काढलेले तीन पाव त्याने उभ्या उभ्या संपवले आणि चौथ्याची चौकशी केली. अशी माणसं ओळखीत ठेवत जा, म्हणजे आमची बेकरी लवकर बसेल.

मालकांच्या डोळ्यांचं वाचून जिवाला लागलं. दादा, बाईंचं तोंड मी सांगते, आणि सांगायला मिळतंय म्हणून मला किती बरं वाटतंय, ते तुला कळायचं नाही. आपले पाय खडूने पांढरे करून आपल्याला गुलामांच्या बाजारात उभं केलं होतं ना, तो दिवस मी विसरलेली नाही. दलालाने तुला एका टोकाला उभं केलं होतं आणि मला दुसऱ्या. मी रडत नव्हते, नुसती तुझ्याकडे बघत होते. बाई पालखीतून उतरल्या, माझी नजर कुठे लागली आहे ते बघत बघत तुझ्यापर्यंत आल्या, आणि म्हणाल्या, की घेतले तर दोघं, नाही तर कुणीच नको. माणसं विकत घेणं काही चांगलं काम नव्हे. पण त्या दिवशी त्या आल्या नसत्या, तर आज हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं?

आता लिहून घे. कपाळ अरुंद, त्यावर केस गच्च यायचे, म्हणून मी ते मागे ओढून वेण्यांचा वेढा माथ्यावर बसवायची. वेढा दोन पदरी कर, तीन पदरी नको, तिसऱ्याने मान दुखते म्हणायच्या. भुवया जवळजवळ टेकलेल्या. नाक सरळ, पण टोकाशी किंचित बसकं. खालचा ओठ जाड. हसू आलं की आधी हनुवटीला खळी पडायची, मग ओठ हलायचे. आणि मुख्य म्हणजे तीळ. उजव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं वर, मसुराच्या दाण्याएवढा, चांगला फुगीर. त्या पावडर लावून तो झाकायच्या आणि मालक अंगठ्याने पुसून परत उघडा करायचे. तेव्हा बाकी काही चुकलं तरी चालेल, तीळ चुकवू नकोस. मालकांचा हात पहिल्यांदा तिथेच जाणार.

डोळे मिटले की बाई समोर येतात, दादा. बाकीच्या घरांत मालकिणी केस ओढला गेला तर दासीच्या दंडात टाचणी खुपसायच्या. आमच्याकडे एकदा केस कुरळे करायची तापलेली सळई माझ्या हातून निसटली. बाईंना लागेल म्हणून मी ती स्वतःच्या अंगावर घेतली आणि गाल भाजून घेतला. त्या खुर्चीतून उठून मागे आल्या आणि आपल्या हाताने मध आणि तेल लावलं. जगातून जाताना मालकांकडून त्यांनी मागून घेतलं, ते आपल्या दोघांचं मोकळं होणं. दुसरं काहीच मागितलं नाही.

सावकाश कोर. मागे त्या धान्यवाल्याच्या बायकोला तू धान्यवाल्याचंच नाक लावलं होतंस, ते अजून ओस्तियात कुणी विसरलेलं नाही. मालकांच्या पायांवर माझं डोकं ठेव. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी
हेल्पिस


ओस्तिया, एप्रिल
सेरेसच्या जत्रेचा पहिला दिवस

सौ. हेल्पिस हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी बाईंच्या समाधीतच भिंतीला टेकवून ठेवलंय आणि वाचून वाचून कोरतोय. दारातून सकाळी उजेड चांगला येतो, तेवढ्यात काम उरकतो. कपाळ, भुवया, वेढा झाला. दोन पदरीच केलाय. नाक आज संपलं आणि ते बाईंचंच आहे, धान्यवाल्याचं नाही. हे तू शेजारणींना मुद्दाम सांग.

उद्या गाल घेणार. उजव्या गालावर तिळापुरता दगड राखून बाकीचा उतरवायचा. फार जपून करावं लागतं, कारण उतरवलेला दगड परत चढवता येत नाही. मालक रोज माणूस पाठवून विचारतात, की झालं का. मी रोज सांगतो, की आठ दिवस. खरं सांगू? माझ्या डोळ्यांसमोर आता एक बाई उभी राहायला लागली आहे. तुझ्यामुळे. तुझे उपकार मानावेत, तर तू डोक्यावर बसशील, म्हणून इथेच थांबतो. मायेचा हात सोडू नकोस.

तुझा
थाल्लुस


पुतेओली, एप्रिल
सेरेसच्या जत्रेचा तिसरा दिवस

दादास सा. न. वि. वि.

बाकी सगळं सोडून आधी हे वाच. हात थांबव. तीळ उजव्या गालावर नाही, डाव्या गालावर आहे.

वेडी झाले नाही. काय झालं ते सांगते. आज जत्रेला न्यायचं म्हणून मी पोरीला आरशासमोर बसवून, मागे उभी राहून तिच्या वेण्या घालत होते. कारटी भट्टीपाशी जाऊन आलेली, गालाला पीठ. आरशात ते मला माझ्या डाव्या हाताला दिसत होतं. मी तिला म्हटलं, की उजवा गाल पूस. तिने पुसला, पीठ तसंच. मी चिडले, तिला खसकन माझ्याकडे वळवलं, तर पीठ माझ्या उजव्या हाताला. म्हणजे तिच्या डाव्या गालावर. माझ्या हातातली फणी खाली पडली, दादा.

बाईंना मी समोरून पाहिलेलंच नाही. नऊ वर्षं त्यांच्या पाठीमागे उभी होते. समोर जायची वेळ आली की मान खाली, नजर त्यांच्या चपलांवर. मालकिणीच्या तोंडाकडे टक लावून बघायची आपली काय प्राज्ञा? फक्त आरशात बघता यायचं. तिथे आमची नजरानजर व्हायची, तिथे त्या हसायच्या, तिथेच मला त्यांचा तीळ दिसायचा. डोळे मिटले की समोर येतात असं मी लिहिलं ना, त्या आरशातल्या येतात. गाल भाजला तेव्हा तेवढ्या एकदा त्या माझ्या समोर, अगदी नाकासमोर होत्या. पण मी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

यांनी आजची भट्टी शेजाऱ्यावर टाकली आणि बंदरावर धावत जाऊन एक बोट गाठली आहे. वारा उलटा आहे म्हणतात. मालकांचा हात चुकीच्या गालावर फिरेल, ते माझ्यामुळे. देवा, हे पत्र वेळेवर पोचू दे. मला क्षमा कर आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी
हेल्पिस


ओस्तिया, मे महिन्याची सुरुवात

सौ. हेल्पिस हिस अनेक, अनेक आशीर्वाद. आधी पाणी पी आणि मग बसून वाच.

तुझं पत्र उशिरा पोचलं. बारा दिवस बोट उलट्या वाऱ्यात अडकली होती. पत्र हातात पडलं तेव्हा मी समाधीच्या दारात उभा होतो, काम संपलेलं होतं, आणि रस्त्याच्या वळणावर मालकांची पालखी दिसत होती. उभ्या उभ्या वाचलं. डावा गाल गुळगुळीत करून मी आदल्याच दिवशी त्याला शेवटचा हात दिला होता.

गप्प बसावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. म्हाताऱ्याला दिसत नाही, अकरा वर्षं झाली, विसरले असतील. तेवढ्यात त्यांना आत आणून पेटीपाशी बसवलं. आधी वेण्यांच्या वेढ्यावर हात ठेवला आणि हसले. दोन पदरी, म्हणाले. मग कपाळ, मग नाक. नाकाच्या टोकाशी बोट थांबलं आणि त्यांनी मान हलवली. मग अंगठा आपोआप डाव्या गालावर गेला. तिथे तो फिरला, परत फिरला. काहीच सापडेना. त्यांचा चेहरा असा पडला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग हात पलीकडे गेला, उजव्या गालावर, आणि अंगठा तिळावर थबकला.

त्यांनी विचारलं, की हे तुला कुणी सांगितलं. मी म्हटलं, हेल्पिसने, आणि तिचं दुसरं पत्र आत्ताच आलंय. वाच म्हणाले. मी वाचलं, पीठ, फणी, चपला, सगळं. डोळे मिटून घेतल्याचं त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मी म्हटलं, की मालक, हा दगड उतरवतो, दुसरी पेटी आणतो, काहीही करतो.

तर म्हणाले, की हात लावू नकोस. आमच्या घरात पोरीला समोरून बघायची सोय नव्हती, ही काही पोरीची चूक नव्हे. आणि काल्वेंतियाने तरी स्वतःला जन्मभर कसं पाहिलं? त्याच आरशात. तिच्यामागून हेल्पिस बघत होती, म्हणजे दोघी एकाच तोंडाकडे बघत होत्या. माझ्या अंगठ्याला सवय करून घ्यावी लागेल, एवढंच. मग आणखी एक सांगितलं, ते जसंच्या तसं लिहितो. बाई त्यांना म्हणायच्या, की ही पोरगी समोर असली की दगडासारखी उभी असते, पण आरशात माझ्याकडे असं बघते, की तेवढ्यासाठी मी केस पुन्हा सोडून पुन्हा बांधायला लावते. तुला वाटायचं ना, की बाईंना वेढा पसंत पडत नाही?

तिथे बसूनच त्यांनी नवं काम सांगितलं. पेटीची डावी बाजू कोरी आहे, तिथे वेताच्या खुर्चीत बसलेल्या बाई, हातात आरसा, आणि मागे उभी तू. तोंडासकट. मी विचारलं, की आणि मालक, पुढच्या बाजूला तुमचं स्वतःचं तोंड? म्हणाले, तो गोळा तसाच राहू दे, तिला ठाऊक आहे मी कसा दिसतो.

तुझं तोंड परवाच कोरून झालं. गालावरच्या भाजल्या खुणेसकट. ती कुठल्या गालावर आहे ते मला कुणाला पत्र घालून विचारावं लागलं नाही. बाजारात त्या टोकाला उभं केलं होतं तेव्हापासून मी तुला समोरूनच बघतोय.

गुलाबांच्या सणाला ये, बाईंच्या समाधीवर फुलं वाहू. मालक रोज विचारतात. माया आहे ती वाढव, कमी केलीस तर नाक धान्यवाल्याचं लावीन.

तुझा
थाल्लुस


पुतेओली, जून
वेस्ताच्या सणाला दोन दिवस

दादास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. येताना पोरीला बोट लागली, आमच्या यांना लागली, मी तेवढी ठणठणीत. परवा वेस्ताचा सण, बेकऱ्यांच्या गाढवांना फुलं आणि पावाच्या माळा घालायच्या, म्हणून हे सकाळपासून गाढवाला धुताहेत. गाढव जेवढं ऐकून घेतंय, तेवढं मीही कधी ऐकलेलं नाही.

तुझ्याकडे चार दिवस राहिले, पण समाधीत काय झालं ते तुझ्यासमोर बोलता आलं नाही. तू गुलाब आणायला रस्त्यावर गेलास तेव्हा आत मालक आणि मी दोघंच होतो. त्यांनी माझ्या पावलांवरून ओळखलं. म्हणाले, की अजून तशीच चालतेस, हातात तापलेली सळई असल्यासारखी. मग माझ्या गालावर हात ठेवला, तिथली खूण अंगठ्याने शोधली आणि म्हणाले, की भावाने हिला बरोबर कोरलंय. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तर उठवून म्हणाले, की ते पुरे, आता तिच्याकडे बघ. तुला काय दिसतं ते मला सांग.

मी पेटीसमोर जाऊन उभी राहिले. जुनी सवय, दादा, मान खालीच गेली. समोर दगडात कोरलेल्या बाईंच्या चपला होत्या. मालकांना दिसत नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. म्हणाले, की वर बघ, पोरी, ती केव्हाची थांबली आहे.

मग मी मान वर केली. बाजारातून आणलं त्याबद्दल, तुला माझ्यापासून तोडलं नाही त्याबद्दल, मधाबद्दल, मोकळं केलं त्याबद्दल, सगळ्याबद्दल जे तोंड उघडून कधी बोलता आलं नव्हतं, ते बाईंच्या डोळ्यांत बघून बोलले. बाईंच्या समोर उभी राहून, आयुष्यात पहिल्यांदा. मालक शेजारी बसून ऐकत होते. आणि दादा, तीळ माझ्या डाव्या हाताला होता. मला आठवत होता तिथेच.

मालकांना सांग, की पुढच्या गुलाबांना परत येते, तोवर अंगठ्याला सवय करून ठेवा. तुझ्या हातांना माझा नमस्कार. माया अशीच समोरासमोर राहू दे.

तुझी
हेल्पिस